तबल्याला सुट्टी

तुमच्या ऑफिसात बँड आहे? असेल तर त्यात चार गिटारवाले असणार, गाणारे सहा, एक ड्रमवाला (तो नेमका प्रॅक्टिसच्या दिवशी ‘क्लायंट कॉल’मध्ये अडकलेला) आणि बेस वाजवायला कोणी नाही. बेसवाला कधीच मिळत नाही. साहजिक आहे म्हणा. अॅन्युअल डेला टाळ्या लीड गिटारला पडतात, बेसवाला आपला मागे पडद्याला टेकून उभा.

हा प्रॉब्लेम जगभरातल्या गिटारवाल्यांचा आहे आणि तो चांगला जुना आहे. १९८१ मध्ये रोलंड या जपानी कंपनीने त्यावर एक मशीन काढलं. टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. चंदेरी रंगाची, मोठ्या डब्याएवढी पेटी. आयडिया अशी की एकट्या गिटारवाल्याने त्यात बेसचे सूर भरून ठेवायचे, ताल द्यायला टीआर-६०६ नावाची दुसरी पेटी लावायची आणि आपण निवांत गिटार वाजवायची. बेसवाल्याच्या विनवण्या करायला नकोत.

आयडिया साफ आपटली. सूर भरायची पद्धत इतकी किचकट की त्यापेक्षा बेसवाल्याचे पाय धरलेले परवडले. शिवाय आवाज बेससारखा येईना, भलताच काहीतरी चिरका, रबरी यायचा. साधारण दहा हजार पेट्या बनवून कंपनीने १९८४ मध्ये दुकान आवरलं. पेट्या सेकंडहँड बाजारात पडेल भावाने गेल्या. त्यातली एक शिकागोच्या काही पोरांच्या हाती लागली. त्यांनी तिचे कान, म्हणजे ती गोल बटणं, पिळायला सुरुवात केली आणि त्यातून निघाला ‘अॅसिड ट्रॅक्स’. ग्रुपचं नाव फ्यूचर, साल १९८७. तिथून पुढे अॅसिड हाऊस, रेव्ह पार्ट्या, अख्खं डान्स म्युझिक. पबमध्ये जे ढुमढुम ऐकून आपण घसा फुटेस्तोवर एकमेकांशी बोलतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या नापास पेटीच्या वंशातल्या.

एवढी कथा सगळे सांगतात. मला सांगायचंय ते मुंबईतल्या एका गिटारवाल्याबद्दल. त्याने ही पेटी शिकागोच्या पाच वर्षं आधी वापरली होती. तीही कशासाठी? तर तोडी आणि ललत वाजवायला.

चरणजित सिंग. नाव ऐकलं नसेल, पण हाताचं काम नक्की ऐकलंय. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात ते वाजवत होते. गिटार आणि पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन, सगळ्यांकडे. त्या काळी रेकॉर्डिंगला पन्नास-साठ वादक बसायचे. पडद्यावर नाव संगीतकाराचं, रेकॉर्डवर नाव गायकाचं. वादकाने सकाळी यायचं, समोरचं नोटेशन वाजवायचं, पाकीट घेऊन घरी जायचं. आपल्यासारखंच की. प्रेझेंटेशन आपण बनवायचं आणि मीटिंगमध्ये ते बॉसच्या नावाने झळकायचं.

१९८२ साल आलं तेव्हा सिनेमात डिस्कोचा नुसता कहर चालू होता. ‘कुर्बानी’ १९८० मध्ये येऊन गेला होता, ‘डिस्को डान्सर’ येऊ घातला होता. सिंग यांनी सिंगापूरहून रोलंडच्या तीन नव्याकोऱ्या चिजा आणल्या होत्या : ३०३, टीआर-८०८ ही ताल देणारी पेटी आणि ज्युपिटर-८ हा भलामोठा सिंथेसायझर. पुढे मुलाखतींतून त्यांनी सांगितलेला विचार अगदी साधा होता. सगळीकडे डिस्कोच आहे, तर डिस्कोच घेऊ, पण काहीतरी वेगळं करू. राग वाजवू, ठेका डिस्कोचा ठेवू आणि तबल्याला सुट्टी देऊ. दोन दिवसांत रेकॉर्डिंग आटोपलं. एचएमव्हीने तबकडी काढली. नाव : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं. गायक नाही, गाणं नाही, ऑर्केस्ट्रा नाही. पन्नास जणांच्या घोळक्यात आयुष्य काढलेल्या माणसाने एकट्याने केलेली तबकडी.

चालली नाही. चालणार कशी? डिस्कोवाल्यांना शब्द हवे होते, झुलायला हिरो हवा होता. आणि रागवाल्यांचं तर विचारूच नका. ज्या देशात आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल करायला १९७१ उजाडावं लागलं, तिथे मशीनवरचा मालकंस कोण ऐकून घेणार!

त्यानंतर वीस वर्षं काहीच नाही. मग २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ही तबकडी सापडली. हा गृहस्थ जुन्या हिंदी सिनेसंगीताचा वेडा. त्याने मुंबई गाठली, सिंग यांना शोधलं आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर ती रीमास्टर करून पुन्हा काढली. (आपल्या बाबतीत हे नेहमीचंच झालंय. मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्ट या रॉक बँडची ‘ऑब्सेशन ७७’ वाली गाणीसुद्धा २०११ मध्ये अमेरिकेतल्या लेबलनेच पुन्हा बाहेर आणली. आपली अडगळ साफ करायला बाहेरचे पाहुणे यावे लागतात.)

रीमास्टर म्हणजे नेमकं काय, हे मला बरेच जण विचारतात. पुन्हा वाजवणं नाही आणि मधली वाद्यं कमीजास्त करणंही नाही. तयार रेकॉर्डिंग तेच ठेवायचं आणि ते नव्या माध्यमावर चढवताना त्याची खरखर, उंची, जाडी-पातळी नीट करायची. या तबकडीला त्याची गरज जरा जास्तच होती असं मला वाटतं. कारण सोपं आहे. एका बाजूला पाच राग म्हणजे पंचवीसेक मिनिटं. तबकडीवर जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितक्या खोबणी जवळजवळ येतात आणि तितका आवाज दबतो. पहिला बळी बेसचा, कारण जाड आवाजाला रुंद खोबण लागते. म्हणजे ज्या रेकॉर्डचा सगळा जीव ३०३ च्या बेसमध्ये, तिथेच कात्री. म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर राहू द्या. हेडफोन घ्या, चांगले घ्या.

२०१० मध्ये ती परत आल्यावर परदेशात एकच बोंब झाली. १९८२ चा अॅसिड हाऊस! काहींना वाटलं ही कुणा चक्रम इंग्रज म्युझिशियनने केलेली थट्टा आहे, जुना हिंदुस्तानी माणूस वगैरे सगळी बनवाबनवी. मग खात्री पटली आणि लेबल चिकटलं : अॅसिड हाऊसचा जनक, मुंबईचा चरणजित सिंग.

इथे माझं थोडं भांडण आहे.

एक तर ‘पहिला’ कोण हा खेळच फसवा आहे. ३०३ तेव्हा दुकानात मिळत होती आणि १९८२-८३ मध्ये युरोपातल्या पॉप बँडनीही ती वापरली. दुसरं म्हणजे शिकागोच्या पोरांनी मुंबईची ही तबकडी ऐकली असेल याला काडीचा आधार नाही. जनक म्हणायला निदान मुलाची ओळख तरी हवी! आणि मुख्य म्हणजे या कौतुकात तो माणूस काय करत होता हे बाजूलाच राहतं. तो भविष्य बघत नव्हता. तो राग वाजवत होता.

मग आवाज एवढा सारखा का येतो? तर रागामुळेच. ३०३ एका वेळी एकच सूर काढते, तिला कॉर्ड जमत नाही. पाश्चात्त्य गिटारवाल्याला ही मोठी अडचण. रागवाल्याला काय फरक पडतो? त्याला कॉर्ड नकोच आहे. सा एकदा धरला की शेवटपर्यंत तोच, वरचे सूर पाच-सात, त्यांच्याच गुंफणी उलटसुलट. अॅसिड हाऊसचंही नेमकं तेच : कॉर्ड बदलत नाही, थोडेच सूर, तेच फिरून फिरून. त्यात ३०३ वर स्लाइड नावाची सोय आहे. एक सूर न तोडता घसरत पुढच्या सुरावर जायचं. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात आणि ती शिकवायला गुरुजी वर्षं घेतात. पेटीला सोळा घरं, तीनतालाला सोळा मात्रा, हा आकडा मात्र निव्वळ योगायोगाचा. पण एकदा लक्षात आला की डोक्यातून जात नाही.

आणि सिंग यांनी दहाही राग वेगळे ठेवलेत. इथे त्यांची तयारी दिसते. ललतमध्ये पंचम नाही आणि दोन मध्यम शेजारी शेजारी. मशीनवर वाजवताना बोट घसरून पंचमावर जायला कितीसा वेळ? गेलेलं नाही. बैरागीत पाचच सूर, पण कोमल रिषभामुळे तो भुपासारखा हसरा होत नाही, उदास राहतो. खाली ठेका दहाही ठिकाणी जवळपास सारखाच, थोडा कंटाळवाणासुद्धा, खोटं कशाला बोला. तरी रागाचा चेहरा पुसला जात नाही. मधुवंती मला सगळ्यात आवडतो. मेघमल्हार तितकासा पोचत नाही, तिथे ठेका पावसाला जागाच देत नाही.

मी मूळची धाराशिवची. दोनेक महिन्यांतून एकदा पुण्याहून रात्रीची लातूर एक्स्प्रेस पकडते. बार्शी मागे पडतं तेव्हा बाहेर अजून अंधार असतो आणि ललतची वेळ झालेली असते. या दिवाळीत तो ऐकत गेले आणि ठरवलं की हे आमच्या गल्लीतल्या मामांना ऐकवायचं.

मामा म्हणजे सख्खे नव्हेत, आईच्या माहेरच्या गावचे म्हणून मामा. ऐंशीच्या दशकात बँजो पार्टीत बँजो वाजवायचे. आपला मराठी बँजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. पुढे कॅसिओ घेतला. तुळजापूर, नळदुर्ग, कळंब, परंडा, जिल्ह्यातली कुठली वरात सोडली नाही. लग्नाच्या सीझनमध्ये दिवसाला दोन. राग मात्र शिकले होते, तेही भजनी मंडळातल्या एका पेटीवाल्यांकडे. दहा-बारा वर्षांपूर्वी डीजे आला आणि काम थांबलं.

‘आलीस का भाचे,’ म्हणत त्यांनी हेडफोन कानाला लावले. मी काहीच सांगितलं नाही, भूप लावून दिला. मिनिटभर चेहरा कोरा. मग खुर्चीच्या हातावर बोटं हलायला लागली.

‘कोण वाजवायलंय?’

‘मुंबईचे होते. सिनेमात गिटार वाजवायचे.’

‘गडी घाई करंना बघ. नायतर असला ठेका मागं लागला की माणूस पळत सुटतंय.’

भूप झाला, यमन झाला. तोडीला त्यांनी डोळे मिटले, मान जरा वाकडी केली. ‘गंधार चढलाय,’ म्हणाले. ‘तोडीचा गंधार ह्याच्यापेक्षा खाली असतोय. पर मशीनला कोण सांगणार? आमच्या कॅसिओचंबी तेच.’

अॅसिड हाऊसवरचे इतके लेख मी वाचले, त्यात हे कुणी लिहिलेलं नाही. मशीनचे बारा सूर आधीच कापून ठेवलेले असतात, मधला लागत नाही. त्या मर्यादेत राग उभा करायचा म्हणजे कापलेल्या पिठाच्या साच्यातून पुरणपोळी काढण्यासारखं. मामांना ते एका गंधारात कळलं, कारण त्यांनी वीस वर्षं तेच केलंय.

मग त्यांनी विचारलं, ‘तबला कुणाचाय? ढोलक?’

‘नाही मामा, कुणीच नाही. मशीनच आहे सगळं. एकट्यानं वाजवलंय.’

‘एकट्यानं,’ ते म्हणाले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ‘म्हणजे बाकीची पोरं घरी.’

यावर मला चटकन काही सुचलं नाही. खरंच आहे ते. रीमास्टरच्या कौतुकात हे कुणी काढत नाही. ज्या पेट्यांनी सिंग यांना एकदा स्वतःच्या नावाची तबकडी दिली, तसल्याच पेट्यांनी पुढच्या पंधरा वर्षांत मुंबईचे मोठे रेकॉर्डिंग हॉल रिकामे केले. साठ वादकांच्या जागी एक कीबोर्डवाला बसला. सिंग हे दोन्हींकडचे, साठातले एक आणि तो एकटाही. मामांचंही तसंच. कॅसिओ आला तेव्हा पार्टीतले दोघे कमी झाले, त्यात एक त्यांचा चुलतभाऊ होता, ढोलकीवाला. तो नंतर पुण्याला वॉचमनकीला गेला. डीजे आल्यावर मामांची पाळी आली.

‘मग त्यांना परत बोलावलं का कुणी वाजवायला?’ थोड्या वेळाने मामांनी विचारलं.

बोलावलं. हे मात्र मी आनंदाने सांगितलं. रीमास्टर निघाल्यावर सिंग सत्तरी ओलांडून स्टेजवर गेले. २०१२ पासून युरोपात कार्यक्रम केले, तेच राग, तोच ठेका, समोर नातवाच्या वयाची गोरी पोरं नाचताहेत. जुलै २०१५ मध्ये मुंबईत राहत्या घरी गेले. म्हणजे शेवटची तीन-चार वर्षं का होईना, पोस्टरवर नाव त्यांचं होतं.

‘मग झालं की,’ मामा म्हणाले आणि उठून आत गेले.

परत आले ते कॅसिओ घेऊनच. जुन्या साडीत गुंडाळलेला, खाली एक बुटांचा खोका, खोक्यात कॅसेट. वरातीच्या, नवरात्राच्या, एकीवर नुसतं ‘कळंब, रात्री’ असं लिहिलेलं. लग्नघरचं कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवायचं आणि नंतर एक कॉपी द्यायचं. त्यातल्या दोघी-तिघींना पांढरी बुरशी आलीय, बाकीच्या ठीक दिसतात. बुरशीवाल्या तशाच लावायच्या नाहीत, हेड खराब होतं आणि मग चांगल्या कॅसेटही बिघडतात. तेवढं मी त्यांना बजावून ठेवलंय. ठीक असलेल्या सात पुण्याला घेऊन आलेय. कॅसेट लॅपटॉपवर घ्यायची तर जेवढी मिनिटं तेवढीच मिनिटं बसावं लागतं, फॉरवर्ड करून चालत नाही. त्यामुळे सध्या माझे रविवार वरातीत जातात. ‘कळंब, रात्री’च्या दुसऱ्या बाजूला, फटाके आणि घोड्याच्या गडबडीत, मामांनी अकरा मिनिटं मालकंस वाजवलाय. कुणाच्या वरातीत मालकंस वाजवतात, सांगा!

कॅसिओ मात्र चालू झाला नाही. पेटी ठीक आहे, अॅडॅप्टर गेलाय. धाराशिवात दोन दुकानं पाहिली, मिळाला नाही, म्हणून आता पुण्यातून नेणार आहे. तुमच्याही घरी माळ्यावर जुना कॅसिओ असेल तर घेताना बघून घ्या : बहुतेकदा नऊ व्होल्टचा हवा आणि त्याच्या पिनला आतून निगेटिव्ह लागतं. दुकानदार हमखास उलटा देतो.